नियम १२ ला मर्यादा घाला

संपादक साहेब,
राष्ट्रपतींना सल्ला द्यायचा अधिकार घटनेनं अख्ख्या मंत्रिमंडळाला दिलाय, एकट्या पंतप्रधानांना नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर सही झाली आणि कॅबिनेटला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणून तर ४४ व्या दुरुस्तीनं आणीबाणीसाठी कॅबिनेटचा निर्णय लेखी कळवणं सक्तीचं झालं, फार बरं झालं. पण केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतला नियम १२ आहेच, कॅबिनेटची बैठक न घेता पंतप्रधान निर्णय घेणार आणि मंजुरी मागाहून. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या राज्यातली राष्ट्रपती राजवट पहाटे अशीच उठली, आपला सकाळचा चहा होतोय तोवर राजभवनात शपथविधीही उरकला! ही सूट युद्ध किंवा आपत्तीपुरतीच ठेवा आणि वापरली की संसदेत लेखी कारण द्या.
– एक वाचक, कराड