छोट्याच्या कॉम्प्युटरवर टॉवर का बोलत नाही

हॅम्बर्ग, रविवार रात्र

ती. बाबा,
सा. न.

आईला सांगा पार्सल परवाच मिळालं, चकल्या एकही मोडलेली नाही, आणि मेतकूट उघडल्या उघडल्या अख्ख्या खोलीला आपल्या घराचा वास आला. इथे आता साडेनऊ वाजलेत म्हणजे तुमच्याकडे दोन, सगळे झोपलेले असणार, म्हणून फोन न करता लिहितोय.

पत्र खास तुम्हाला लिहितोय कारण काल फोनवर छोट्या अगदी रडकुंडीला आला होता. विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये इंजिनाचा आवाज येतो, पंखांच्या फ्लॅपच्या मोटरचा येतो, चाकं रनवेला टेकली की तो पण येतो, पण रेडिओवर टॉवरचा, म्हणजे विमानतळावरच्या कंट्रोलरचा, एक शब्द नाही. आणि आता तो सगळं काढून परत टाकायला निघालाय. त्याला म्हणावं थांब. शंभर जीबीच्या वर डाउनलोड आहे, घरचं नेट आठवडाभर त्यातच जाईल आणि एवढं करून आवाज येईलच असं नाही. आरटीआरच्या, म्हणजे विमानाच्या रेडिओवर बोलायच्या परवान्याच्या, तोंडी परीक्षेत समोरचा कंट्रोलर बनून बोलतो आणि याला ऐकून लगेच उत्तर द्यायचं असतं, त्यामुळे त्याचं ऐकणं बंद पडलंय ते मला फार लागतंय. पुढे बारामतीला नाहीतर गोंदियाला फ्लाइंगला जायचं म्हणतोय ना तो, मग कान आत्तापासूनच तयार व्हायला हवा.

माझं सप्टेंबरमध्ये हेच झालं होतं. व्हॅटसिम म्हणून जगभरच्या हौशी लोकांचं एक नेटवर्क आहे, २००१ पासून चालू आहे, त्यात आपण घरून विमान उडवतो आणि दुसरी माणसं आपापल्या घरून कंट्रोलर म्हणून बसतात, माइकवर खरोखर बोलतात, कोणी पैसे घेत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी आवाजाची व्यवस्थाच नवीन केली, आता विमानातल्या खऱ्या व्हीएचएफ रेडिओसारखं विमान लांब गेलं किंवा खाली राहिलं की आवाज खरखरतो आणि तुटतो, आणि दोघं एकदम बोलले तर नुसतीच किंचाळी ऐकू येते. तुम्हाला हे ऐकायला आवडेल, पुढच्या वेळी आलो की नक्की ऐकवतो.

तर त्या दिवशी मी विमान उभं करून परवानगी मागितली आणि कानात काहीच नाही. परत मागितली, परत काही नाही. मग स्क्रीनवर अक्षरं आली, कंट्रोलर लिहीत होता की तुझा आवाज मला स्वच्छ येतोय, माझा तुला येतोय का? म्हणजे माझं त्याला पोचत होतं आणि त्याचं मला नाही. भला माणूस, त्याने अख्खा क्लिअरन्स, म्हणजे मी मागितलेली परवानगी, टाइप करून दिला आणि मला जाऊ दिलं.

दोन संध्याकाळी मी दिसेल ते सेटिंग बदलत बसलो, शेवटी काय बदललं आणि काय नाही हेच कळेना. तिसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये दुकानातलं तुमचं टेबल आठवलं. गिऱ्हाईक सेट आणून म्हणायचं बोलतच नाही हो, आणि तुम्ही मागचं झाकण काढून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला बोट लावून व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला टेकवायचात. घुंऽऽ आवाज आला की म्हणायचात, इथून स्पीकरपर्यंत ठीक आहे, रोग मागे आहे. मग एकेक टप्पा मागे सरकायचं. मी शाळेतून येऊन स्टुलावर बसून बघायचो, ते टेकवणं आणि तो घुं आवाज अजून कानात आहे. मग ठरवलं आपण पण स्पीकरकडूनच सुरुवात करायची.

छोट्यासोबत बसून तुम्ही तसंच करा, तुम्ही शेजारी असलात की तो घाई करणार नाही. आधी त्याला एक विचारा, टॉवरचं बोलणं स्क्रीनवर अक्षरात दिसतंय का? तो नेटवर्कला न जोडता सिम्युलेटरमधल्याच कंट्रोलरशी बोलत असेल, अक्षरं दिसत असतील आणि आवाज नसेल, तर ती भानगड वेगळी, तिथे माणूस नसतो, कॉम्प्युटर वाचून दाखवतो, त्यामुळे ध्वनीच्या सेटिंगमध्ये एटीसीची, म्हणजे कंट्रोलरच्या आवाजाची, पट्टी शून्यावर आहे का आणि कॉम्प्युटरमध्ये इंग्रजी बोलणारे आवाज टाकलेत का एवढं बघायचं.

नेटवर्कवर असेल तर मग कॉकपिट. बॅटरी चालू, एव्हिऑनिक्सचा, म्हणजे रेडिओ वगैरे उपकरणांचा, स्विच चालू, हे तो विसरणार नाही. पण ऑडिओ पॅनल नीट बघायला सांगा. त्यावर कॉम १ आणि कॉम २ या दोन रेडिओंसाठी ऐकण्याची बटणं वेगळी असतात आणि माइकची वेगळी, त्यामुळे बोलणं एका रेडिओवरून चाललंय आणि ऐकण्याचं बटण दुसऱ्याचंच दाबलेलं, असं सहज होतं. रेडिओच्या स्वतःच्या आवाजाची खुंटी वेगळी, ती खाली असली तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. आणि फ्रिक्वेन्सी. रेडिओत दोन आकडे दिसतात, एक चालू आणि एक राखीव, आकडा फिरवला की तो राखीवमध्येच बसतो, मधलं बाणाचं बटण दाबून अदलाबदल करावी लागते, नवीन पोरांचं निम्मं इथेच चुकतं. इकडे युरोपात तर चॅनेलमधलं अंतर ८.३३ किलोहर्ट्झ आहे, जुन्या पद्धतीच्या २५ वर रेडिओ ठेवला तर काही आकडे लागतच नाहीत, आणि जवळच्याच आकड्यावर बसून माणूस वाट बघत राहतो.

खऱ्या सेस्ना विमानामध्ये तर तुमच्या घुंसारखीच सोय आहे. कितीतरी रेडिओंमध्ये आवाजाची खुंटी बाहेर ओढली की स्क्वेल्च, म्हणजे खरखर दाबून ठेवणारी सोय, सुटतो आणि खरखर ऐकू येते. खरखर आली म्हणजे हेडफोनपर्यंतची वाट मोकळी आहे. बाबा, हे वाचलं तेव्हा तुम्हीच डोळ्यांसमोर आलात.

माझं कॉकपिट सगळं बरोबर निघालं. मग कॉम्प्युटरच्या साउंडच्या खिडकीत गेलो, तिथे आवाज जिथे जिथे जाऊ शकतो त्या सगळ्यांची नावं एकाखाली एक असतात आणि प्रत्येक नावापुढे एक उभी पट्टी असते, आवाज तिकडे गेला की हिरवी होऊन उड्या मारते. ती खिडकी उघडी ठेवली, नेटवर्कला जोडलं, आणि एका गजबजलेल्या विमानतळाची फ्रिक्वेन्सी लावून नुसता बसलो. हेडफोनच्या पट्टीवर इंजिनाची एकसारखी धडधड. आणि खाली, नव्या मॉनिटरच्या नावापुढे, मधूनच पट्टी उसळायची, दोन-तीन सेकंद थांबायची, परत उसळायची. कंट्रोलर बोलतो, पायलट उत्तर देतो, तीच लय. त्यांचं बोलणं मला डोळ्यांनी दिसत होतं हो! मॉनिटर मीच ऑगस्टमध्ये आणलेला, त्याची एचडीएमआयची वायर आवाज पण घेऊन जाते, पण मॉनिटरला स्पीकरच नाही. कॉम्प्युटरमध्ये नेहमीच्या आवाजाचं ठिकाण वेगळं आणि बोलण्याचं वेगळं ठरवता येतं, पहिल्यापुढे हिरवी बरोबरची खूण असते आणि दुसऱ्यापुढे हिरवा फोन. माझा हिरवा फोन मॉनिटरपुढे जाऊन बसला होता. तो हेडफोनवर आणला, नेटवर्कवर बोलायच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये पण हेडफोनचंच नाव निवडलं, आणि एकदम कानात एक बाई भराभर कोणालातरी टॅक्सीचा, म्हणजे जमिनीवरून विमान न्यायचा, रस्ता सांगत होती. मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो.

छोट्याकडे मॉनिटर जुनाच आहे, पण तो ब्लूटूथचा हेडफोन वापरतो आणि माझा संशय त्याच्यावरच आहे. एकच हेडफोन यादीत दोन नावांनी दिसू शकतो, एक गाण्यांसाठी आणि एक हँड्सफ्री, म्हणजे माइकसकटचा. इंजिन एका नावावर आणि टॉवर दुसऱ्या नावावर गेला की कधीकधी एकच वाजतं. दोन्हीकडे एकच नाव निवडून बघायला सांगा. तेवढ्यापुरता तुमच्या कपाटातला तारेचा हेडफोन लावला तर सगळ्यात बरं, शंकाच राहणार नाही. डिसेंबरमध्ये येताना त्याला माइकवाला तारेचा हेडफोन घेऊन येतो, त्याला आत्ता सांगू नका.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलली की वहीत लिहायची, हे तुम्ही सांगितलंत तर ऐकेल, माझं ऐकत नाही.

बुधवारी रात्री तुमच्या नऊ वाजता फोन करतो. तोपर्यंत साउंडची खिडकी उघडून बसा आणि टॉवर बोलताना हिरवी पट्टी कुठल्या नावापुढे उडते तेवढं मला सांगा.

तुमचा,
दादा

आईला सांगा इथे थंडी पडली, पण स्वेटर घालतोय.