विहिरीत उडी मारण्यापूर्वी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

२४ जूनला मित्राकडे गोव्यात शिवोलीला सांजांव करायला, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या सणाला विहिरीत उड्या मारायला जातो आहेस, तर कोपेल, म्हणजे डोक्यावरचा पानाफुलांचा मुकुट, हातानेच कर. कोवळी, न मोडणारी वेल दोन मीटर घे, डोक्याभोवती तीन वेढे देऊन पीळ घाल आणि टोकं मागे खोच. बोटभर सैल ठेव. पानं खोचली की घट्ट होतं. सांगाड्याला तार मुळीच नको. उडी मारताना ती सुटली तर डोळ्यालाच लागायची. पिटकोळी, अबोली टिकतात. जास्वंद संध्याकाळपर्यंत मान टाकते. कण्हेर आणि रुई टाळ, चीक डोळ्यात उतरतो. आदल्या रात्री करून ठेवलंस तर ओल्या फडक्यात गुंडाळ.

आता विहीर. येशूची आई मरिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या या योहानाने आनंदाने उडी मारली, तीच ही उडी. पण पाऊस लांबला तर चोवीस तारखेला विहिरीत कमरेएवढंच पाणी असतं. दोराला दगड बांधून तळाला सोड आणि ओला झालेला दोर मोज: दीड पुरुष, म्हणजे माणसाच्या उंचीच्या दीडपट तरी भरला पाहिजे. पंप असेल तर मेन स्विच बंद. जांभ्याच्या कठड्यावर शेवाळ धरतं, म्हणून धावत येऊन उडी नको. पाय खाली, एका वेळी एकच, आधीचा वर आल्यावर पुढचा. चढायला गाठी मारलेला दोर अगोदरच सोडलेला हवा. झाकून पडलेल्या विहिरीकडे फिरकूच नकोस, आत खराब हवा साचते. पहिली उडी त्या घरच्या माणसाला मारू दे. आणि फेणी उडीनंतर, आधी नाही! (नंतरही बेतानेच.)

घुमट, ते चामडं लावलेलं मातीचं वाद्य, वाजवायला मिळालं तर आधी चामडं शेकून घे, दमट हवेत ते सैल पडून आवाज बसतो. हल्ली बकऱ्याचं चामडं लावतात. घोरपडीचं कायद्याने बंद आहे.

त्या घरी नवा जावई आला असेल तर मान त्याचा, तू मागे राहा. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यासाठी तीन वर्षं थांबायचं, यांचा जावई जूनमध्येच मिरवतो.

खाडीत सजवलेल्या होड्या येतील. बसायला बोलावलं तर लाइफ जॅकेट मागून घे, लाजू नकोस. २९ला सांगोड हा होड्यांचा सण बघायला थांबलास तर एवढं बघ, की दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्यांचा मंच कसा करतात. आपण सांगड घालणं म्हणतो ते हेच.

छत्री नेऊ नकोस, गर्दीत काडी कुणाच्या तरी डोळ्यात जाते. रेनकोट कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे.

तुझे बाबा