ऑटोकॅडच्या पैशांबद्दल

सिडको, नाशिक

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, ऑटोकॅडचे पैसे मी भरतो, तू काळजी करू नकोस." मला भरून आलं आणि नीट बोलताच आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

ऑटोकॅड म्हणजे माझं ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर; त्याचं यंदाचं सबस्क्रिप्शन भरल्यापासून कामाच्या वहीत मी रोज एक आकडा टाकत आले: आज ऑटोकॅड किती तास उघडं होतं. नव्या जिग-फिक्स्चरची, म्हणजे मशीनवर वस्तू पक्की धरणाऱ्या साधनांची, ड्रॉइंग दोनदाच जोरात आली, मार्चच्या आधी आणि दिवाळीनंतर. बाकीचे महिने अंबडच्या कारखान्यांतून कुणी जुनं ड्रॉइंग मागतं, आठचं भोक दहाचं करायचं असतं, प्लेट पाच मिलिमीटरने वाढवायची असते. एवढ्यासाठी वर्षभराचं भाडं, वर १८ टक्के जीएसटी. माझी उलाढाल २० लाखांच्या खूप आत आहे, नोंदणी नाही, त्यामुळे तो जीएसटी गेला तो गेलाच.

बाबा विचारतात, एकदाच विकत का नाही घेत? पूर्वी घेता यायचं. जानेवारी २०१६ नंतर नवा कायमचा परवाना विकणं बंद झालं. एकाने 'फुकटात टाकून देतो' म्हटलं, त्या चोरीच्या प्रतीला मी नको म्हणून सांगितलं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय' पुढे माझं नाव असतं.

मग तू सांगितलेलं फ्रीकॅड हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं आणि तीन रात्री एकच जुनी ड्रिल जिग त्यात काढत बसले. आयटीआयमध्ये आम्ही मिनी ड्राफ्टर लावून कागदावर आधी एलिव्हेशन, म्हणजे समोरचं चित्र काढायचो, मग त्याखाली प्लॅन, म्हणजे वरून दिसणारं, शेवटी साइड व्ह्यू. वस्तू सगळी डोक्यात. इथे उलटं. आधी वस्तू उभी करायची, व्ह्यू मागून कागदावर घ्यायचे. पहिल्या रात्री चिडून बंद केलं. तिसऱ्या रात्री बुशचं, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणाऱ्या नळीचं, भोक बदललं आणि तिन्ही व्ह्यूंमध्ये ते आपोआप बदललं, तेव्हा मी बाबांना झोपेतून उठवून दाखवलं. व्ह्यूंची मांडणी आपल्याकडची, फर्स्ट अँगल आहे ना, हे मात्र आधी तपासलं होतं. थर्ड अँगल, म्हणजे उलटी मांडणी, समजून कुणी मशीनवर लावलं तर भोक भलत्याच बाजूला पडायचं.

अडचण डीडब्ल्यूजीची, म्हणजे ऑटोकॅडच्या फाइलीची आहे. ती फाइल फ्रीकॅड स्वतः उघडत नाही, वेगळा कन्व्हर्टर लावावा लागतो. माझी मापं उघडली, पण टायटल ब्लॉक, म्हणजे कोपऱ्यातला नाव-तपशिलाचा चौकोन, विस्कटला. लेझर कटिंगवाल्यांना डीएक्सएफ, म्हणजे इतर सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी फाइल, चालते, काही कंपन्या मात्र डीडब्ल्यूजीच मागतात. त्यांना नाही म्हणण्याइतकी मी मोठी नाही.

तेव्हा असं ठरवलंय. वर्षाचं नूतनीकरण करणार नाही. आता एकच महिना घेते आणि त्या महिन्यात सगळी जुनी ड्रॉइंग गिऱ्हाइकवार लावून प्रत्येकाची डीएक्सएफ आणि पीडीएफ काढून ठेवते. मुदत संपली तरी डीडब्ल्यूजी फाइल आपल्याच राहतात. ऑटोकॅडवाल्यांचंच ट्रूव्ह्यू फुकट मिळतं, त्यात त्या बघता येतात, प्रिंटही निघते, फक्त दुरुस्ती होत नाही. हंगामात काम आलं की पुन्हा महिन्याचं घेईन. सुटा महिना महाग पडतो, ठाऊक आहे, पण माझ्या वहीप्रमाणे वर्षाला तीन-चार महिन्यांच्या वर लागणार नाही.

तुझे पैसे मला परके नाहीत रे. पण या टेबलाचा खर्च या टेबलावरच्या कामातून निघतो की नाही, हे मला कळायला हवं. तू भरलेस तर ते कधीच कळणार नाही.

दसऱ्याला येशील तेव्हा तुझ्याकडची जास्तीची हार्ड डिस्क घेऊन ये. सगळ्या फाइलींची एक प्रत तुझ्याजवळ पुण्यात राहू दे. आणि फ्रीकॅडमध्ये टायटल ब्लॉकवर मराठी अक्षरं कशी आणायची ते तेवढं शोधून ठेव.

तुझी,
आई