‘रम’ नव्हे, ‘रूम’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत तुर्कस्तानातील कोन्या शहराविषयी आलेला प्रवासलेख आवडीने वाचला. सूफी कवी मौलाना रूमींच्या समाधीचे आणि तिच्यावरील हिरव्या घुमटाचे वर्णन तर मन लावून केलेले आहे. परंतु कोन्या ही ‘रम सल्तनतीची राजधानी’ होती असे त्यात वारंवार छापले गेले आहे आणि लेखालगतच्या चौकटीत ‘रूमी म्हणजे इटलीतील रोमचा’ असा खुलासा केला आहे. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. अशा चुका अलीकडे मराठी मजकुरात पुन्हा पुन्हा दिसू लागल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

इंग्रजीत या राज्याचे नाव ‘Rum’ असे लिहितात, पण त्याच तीन अक्षरांत एकमेकांशी संबंध नसलेले कितीतरी शब्द सामावलेले आहेत. मळीपासून गाळले जाणारे मद्य हा त्यांतला सर्वांत परिचित अर्थ. तो शब्द सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांतून इंग्रजीत आला. त्याच्याही आधी, सोळाव्या शतकातील लंडनच्या चोरांच्या बोलीत, हेच अक्षरसमूह ‘उत्तम’ या अर्थाने वापरले जात. पुढे त्याच विशेषणाचा अर्थ ‘विचित्र’, ‘चमत्कारिक’ असा पालटला आणि तोच आज ब्रिटिश इंग्रजीत उरला आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस रम नावाचे एक बेटही आहे. या सगळ्यांचा उच्चार ‘रम’ होतो, आणि तो मराठीत तसाच लिहिणे योग्यच आहे. कोन्या ज्याची राजधानी होती त्या सेल्जुक तुर्कांच्या राज्याचे नाव मात्र अरबी-फारसीतून आलेले आहे, त्यात दीर्घ ‘ऊ’ आहे, आणि आपल्या लिपीत तो दाखवण्याची सोय असताना आपण इंग्रजी स्पेलिंगच्या आधाराने तो गमावतो, याचे वाईट वाटते.

‘रूम’ म्हणजे रोम हे व्युत्पत्तीच्या अंगाने खरे असले तरी ते इटलीतील रोम शहर नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३० मध्ये बॉस्फरसच्या काठी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) ही नवी राजधानी स्थापन केली. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य पाचव्या शतकात लयाला गेल्यावरही या पूर्वेकडील साम्राज्याचे लोक, ते ग्रीक बोलत असूनही, स्वतःला रोमनच म्हणवून घेत राहिले. ज्यांना आपण पाठ्यपुस्तकांत बायझंटाइन म्हणतो ते हेच. अरब आणि इराणी त्यांना ‘रूम’ म्हणत. कुराणातील तिसाव्या सूरेचे (अध्यायाचे) नाव ‘अर-रूम’ आहे, ते याच लोकांवरून. पुढे १०७१ मध्ये मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सम्राटाचा पराभव केला आणि अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या आशियाई भागातल्या, पठारावर आपले राज्य उभारले, तेव्हा मुलूख रूमचा म्हणून त्यांची सल्तनतही रूमची झाली. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकणाऱ्या उस्मानी (ऑटोमन) सुलतान दुसऱ्या मेहमेदने ‘कैसर-ए-रूम’ (रूमचा सम्राट) ही पदवी घेतली, तीही याच परंपरेतली. मौलाना जलालुद्दीन यांचा जन्म १२०७ मध्ये बल्खच्या परिसरातला, आणि अफगाणिस्तानात त्यांना आजही बल्खीच म्हणतात. ते कोन्यात येऊन राहिले, तिथेच १२७३ मध्ये वारले, म्हणून जगासाठी रूमी झाले. इटलीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

मराठी वाचकाला हा शब्द परका वाटावा असेही काही नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘रूमशाम’ असा जोडशब्द येतो, तो तुर्कांचा मुलूख आणि सीरिया यांना मिळून. विजापूरच्या तटावर ठेवलेली मुलूख-ए-मैदान तोफ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेली असेल. तिच्या तोंडाशी जबडा पसरलेले श्वापद कोरलेले आहे आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडला जात आहे, ते काम कितीही वेळ पाहत उभे राहावे असे आहे. ही तोफ विजापुरात नव्हे, तर अहमदनगरात, निजामशाहीत, १५४९ मध्ये ओतली गेली, आणि ओतणाऱ्या कारागिराच्या नावाच्या शेवटी ‘रूमी’ आहे. उस्मानी मुलखातील तोफा ओतण्याची विद्या जाणणाऱ्या माणसांना त्या काळी दख्खन आणि गुजरातच्या दरबारांत मोठी मागणी होती, हे ध्यानात घेतले की त्या एका शब्दात केवढा इतिहास आहे ते कळते. त्याचे भाषांतर ‘रोमचा रहिवासी’ असे केले, तर हा सगळा इतिहास पुसला जातो. गोव्यातले आणि दीवमधले पोर्तुगीजसुद्धा आपल्या या तुर्की प्रतिस्पर्ध्यांना ‘रूमेस’ म्हणत. स्वतः रोमच्या पोपला मानणाऱ्या त्या लोकांचा या दोन नावांत कधी गोंधळ झाला नाही. इतके दूर कशाला, काष्टौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी मागितली की फिकट पिवळे, अश्रूंच्या थेंबांसारखे डिंकाचे खडे पुडीत बांधून मिळतात. तो डिंक एजियन समुद्रातील खिऑस बेटावरचा, आणि ते बेट कित्येक शतके उस्मानी सत्तेखाली होते.

‘रूम’ असे लिहिले तर वाचकाला हॉटेलातली खोली आठवेल, ही अडचण उपसंपादकांना वाटत असावी, आणि ती खोटी नाही. त्यासाठी पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘रूम (अनातोलिया, आजच्या तुर्कस्तानाचा आशियाई भाग)’ असे लिहावे, किंवा सरळ ‘अनातोलियातील सेल्जुक सल्तनत’ म्हणावे. ‘रम’ मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

पुढील अंकात दुरुस्ती छापावी आणि संकेतस्थळावरील आवृत्तीतही ती करावी, अशी विनंती आहे. शाळा-महाविद्यालयांतील मुले प्रकल्पासाठी छापील अंकापेक्षा तिथूनच मजकूर उतरवून घेतात.

आपला नम्र,
इतिहासाचा एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर