पट्टी उतरव, शंतनू

इंदूर,
कार्तिकी एकादशी

चि. शंतनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा पहिली दोन वाक्ये होईपर्यंत मी तुझा आवाज ओळखलाच नाही, आणि ती गोष्ट अजून मनातून जात नाही. तू सर्दी झाल्याचे सांगितलेस. नंतर काकूंकडून कळले की सर्दीबिर्दी काही नाही. तू पहाटे पाचला उठून तार सप्तकात, म्हणजे अगदी वरच्या स्वरांत, तासभर गातोस, आणि गुरुजींनी सांगूनही स्पर्धेसाठी पेटीवरची काळी चार ही उंच पट्टीच धरून बसला आहेस. काकूंवर रागावू नकोस. मीच त्यांना खोदून खोदून विचारले.

गणित सोडून संगीत घेतलेस त्यावरून जे बोलणे झाले ते मी पुन्हा काढणार नाही. बाबांच्या मनातूनही ते गेले आहे. हिंदुस्थानी गायनाला सीबीएसईत प्रात्यक्षिकाचे ७० आणि लेखीचे ३० गुण असतात, हे ते हल्ली आल्यागेल्याला स्वतःहून सांगतात. तेव्हा हे पत्र विषयाबद्दल नाही, केवळ गळ्याबद्दल आहे.

दहावीत तुझा आवाज फुटला आणि तो अजून स्थिरावलेला नाही. या वयात मुलांचे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली येतो. हे घडत असताना जुन्या उंचीवर जोर लावून गायले की स्वरतंतूंना सूज येते, आणि सुजेवर पुन्हा रियाज झाला तर तिथे गाठी धरू शकतात. तुझ्या गळ्यात दोष आहे असे मुळीच समजू नकोस. उन्हाळ्यात गच्चीवर तू मला म्हणाला होतास, ‘उंच स्वर गेला म्हणजे माझं गाणंच गेलं.’ त्या वेळी मला उत्तर सुचले नव्हते, ते आता लिहिते.

भास्करबुवा बखले लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत गात असत. वयात येताना त्यांचा आवाज फुटला आणि कंपनीतले त्यांचे स्थान गेले. त्या मुलाला काय वाटले असेल याची कल्पना तुझ्याइतकी कोण करू शकेल? पण ते बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले, पुढे नथ्थन खाँ आणि अल्लादियाखाँ यांच्याकडून विद्या घेतली, आणि बालगंधर्व व मास्तर कृष्णराव यांचे गुरू झाले. हे सगळे गाणे फुटलेल्या आवाजानंतरचे आहे. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनीही अतिविलंबित झूमरा तालात मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातून केवढे गाणे उभे केले, ते तू माझ्या मांडीवर बसून ध्वनिमुद्रिकांवर ऐकले आहेस.

आणि तू ज्या ग्वाल्हेरात आहेस तिथल्याच हस्सू खाँ या गवयाची कथा भाऊकाकांना विचार. एक अवघड तान पुन्हा घेण्याचा आग्रह झाला, ती घेताना त्यांच्या तोंडून रक्त आले आणि त्यातच ते गेले, असे सांगतात. आख्यायिका असेल, पण रात्री दोन वाजता आईला ती आठवते, तेव्हा आख्यायिका म्हणून सोडून देता येत नाही.

मी पुन्हा व्याख्यान देऊ लागले. क्षमा कर. तुला घाबरवावे असा माझा हेतू नाही, आणि तुझ्या गाण्यातले मला तुझ्याहून अधिक कळते असेही मी समजत नाही. आठवीत गणेशोत्सवात तू भजन म्हटलेस, तुझा तार षड्ज मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत गेला आणि आजोबा उभे राहिले. तो स्वर मलाही हवासा वाटतो. परंतु त्याच रात्री आजोबा मला म्हणाले होते की, ‘याचा खरा आवाज अजून यायचा आहे, तोवर तंबोरा जपून ठेव.’

तो तंबोरा काळी एकचा, म्हणजे खालच्या पट्टीचा आहे. तुझ्या हाताला तो कायम मोठा पडला आणि तुझ्या पट्टीलाही कधी जुळला नाही. परवा मी त्याची गवसणी काढली, तारा पुसल्या आणि घोडीवर दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावून पाहिली. खर्जाची तार अजून उत्तम बोलते. मोठ्या सुटीत तो ग्वाल्हेरला पाठवायची व्यवस्था बाबा करतील. बिहाग, भीमपलासी काळी एकमध्ये गाऊन बघ. भीमपलासीत मंद्र निषादावरून षड्जावर ये आणि तिथे हवा तेवढा थांब. परीक्षेत पट्टी आपली आपणच ठरवायची असते. उंच पट्टीला वेगळे गुण नाहीत.

डिसेंबरात तानसेन समारोहाला मी येणार आहे. समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळल्याने गळा गोड होतो म्हणतात. तो तू अवश्य चघळ, पण त्यावर विसंबून डॉक्टर टाळू नकोस. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला राहिला तर घसा तपासून घ्यावाच लागतो, आणि काकूंच्या हिशेबाने तुझे तेवढे दिवस होत आले आहेत. शनिवारी भाऊकाकांबरोबर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तोवर तार सप्तक बंद ठेव, पाणी भरपूर पी, आणि कुजबुजत बोलू नकोस. त्यानेही घशावर ताण पडतो. स्पर्धेतून नाव काढावे लागले तर काढ. गुरुजींना फोन करायचा का, ते तू सांगशील तसे करीन; तुला न विचारता करणार नाही.

तपासणीचे पैसे काकांच्या खात्यावर टाकले आहेत. स्वेटर आणि मफलर मनीषाआत्याबरोबर येत आहेत. पहाटे मफलर गुंडाळल्याशिवाय खोलीबाहेर पडू नकोस. डॉक्टर काय म्हणाले ते रविवारी फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव, म्हणजे तेवढाच गळ्याला आराम.

तुझी,
आई