दत्तकाच्या मुद्द्यावर कुणी बोलेल का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

भटक्या कुत्र्यांवरून आपल्या पत्रसदरात बरेच दिवस वाद चालला आहे. काहींना सगळी कुत्री उचलून न्यायला हवी आहेत, काहींना त्यांना हातही लावायला नको आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाचा हवाला मात्र दोघेही देतात. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस झाली की कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा, पिसाळलेला किंवा हल्लेखोर असेल तर सोडायचा नाही, खाऊ घालायचं ते नेमून दिलेल्या जागीच, एवढं आता सगळ्यांना पाठ झालं आहे. त्याच आदेशात असंही म्हटलं आहे की ज्याला कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्याने पालिकेकडे अर्ज करावा, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. यावर अवाक्षरही कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. माझ्या घरी रस्त्यावरून आलेली कुत्री आहे, म्हणून मीच लिहिते.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले. यजमान गेले, मुलगी बंगळूरला असते. ते गेल्यावर माझं बाहेर पडणंच थांबलं. दुधाची पिशवी दाराला लटकलेली, भाजी फोनवर मागवलेली. दिवसदिवस माझ्या तोंडून शब्द फुटत नसे आणि घरात माणसाचा आवाज हवा म्हणून टीव्ही चालू ठेवत असे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी कारेलीबागेत शिरलं, वस्तीत मगरी आल्या, ते बडोद्यात कुणी विसरलेलं नाही. आमचा तळमजला पाण्यात होता. त्या रात्री एक तांबडी कुत्री जिना चढून आली आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर बसून राहिली. मागच्या पायाला मोठी जखम होती. ज्याच्या घरात जे होतं ते त्याने तिला दिलं. पाणी ओसरल्यावर प्राण्यांसाठी काम करणारी काही मुलं तिला घेऊन गेली. त्यांनी पाय शिवला, निर्बीजीकरण केलं, लस दिली, ओळख म्हणून कानाला खाच पाडली. चौकशीला फोन केला तेव्हा त्यांच्यातला एकजण म्हणाला, "मासी, आ रोड पर नहीं टके." पाय अधू राहिला होता, इतर कुत्र्यांनी तिला जगू दिलं नसतं. मी रिक्षा करून तिला घरी आणलं. तांबडी म्हणून जिन्यातच सगळे तिला लाली म्हणू लागले होते, तेच नाव राहिलं.

सुरुवातीला तिचा मुक्काम शिलाई मशीनखाली. मी समोर असेपर्यंत ताटलीला तोंड लावत नसे. दही-भाकरी कालवून ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. मग फरशीवर ताटली सरकल्याचा आवाज यायचा, तेव्हा कळायचं की जेवतेय. पुढच्या पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. गच्चीच्या पाइपातून पाणी कोसळायला लागलं की लाली कपाट आणि भिंतीमधल्या फटीत घुसायची, अंग थरथरायचं, तोंडातून लाळ गळायची. ओढून काढायचं नाही, जवळ बसा आणि हळू आवाजात बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. बोलणार काय? शेवटी फटीशेजारी चटई टाकली आणि आपलाच अंक मोठ्याने वाचायला घेतला. अग्रलेख, बाजारभाव, छोट्या जाहिराती, जे हाताला लागेल ते. वाचता वाचता तिचा श्वास संथ होत गेला. पाऊस थांबला तरी मी वाचतच होते. माझा आवाज माझ्या घरात मी किती दिवसांनी ऐकत होते! टीव्हीची गरज त्यानंतर हळूहळू संपली. संध्याकाळचं वाचन आजही चालू आहे, पाऊस असो वा नसो.

पहाटे साडेपाचला तिला फिरवावं लागतं, त्यात माझ्या इच्छेचा प्रश्न येत नाही. त्यामुळे गल्ली माझी झाली. पुरात ज्यांचं सगळं घर गेलं ते तळमजल्यावरचे काका, दाबेलीची गाडी लावणारा मुलगा, पंचमहालहून आलेली वॉचमनची बायको, सगळे थांबून "लाली केम छे?" विचारतात, आणि मग त्यांच्या घरचं सांगतात. वॉचमनच्या मुलीला मी आता मराठी पुस्तकं वाचून दाखवते. ती गुजरातीत उत्तर देते, आमचं छान चालतं. चालण्यामुळे रक्तातली साखर आटोक्यात आली आणि डॉक्टरांनी एक गोळी कमी केली.

सोसायटीत कुत्रा चालणार नाही, असं मलाही सांगण्यात आलं होतं. ज्यांना कुणी असं सांगेल त्यांच्यासाठी लिहिते: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार सोसायटीला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. ती छापून मी सेक्रेटरींच्या हातात दिली. आपल्या कुत्र्याची घाण उचलणं मात्र आपलं काम, आणि ते मी करते.

हे काम सोपं नाही. पावसाळ्यात गोचिड्या होतात, त्यांच्यातून ताप येतो आणि वेळेत ओळखला नाही तर जिवावर बेततं. रेबीजची लस दरवर्षी लागते. दिवाळीत आणि उत्तरायणाच्या रात्री फटाक्यांमुळे मी घर सोडत नाही. सत्यनारायणाचा प्रसाद प्रेमाने पुढे करणारे खूप भेटतात. त्यांना सांगावं लागतं की बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि कांदा-लसूणही त्याला विषच. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी घेऊ नये. पण ज्यांना झेपेल ते हजारो रुपये मोजून बर्फाळ प्रदेशातला हस्की कुत्रा आणतात आणि वैशाखात पारा ४२ च्या वर गेला की त्याला एसीत कोंडतात, हे बघवत नाही. इथल्या उन्हात वाढलेलं देशी कुत्रं दारात उभं असताना हे कशाला?

ज्यांच्या मुलांना कुत्रं चावलं आहे त्यांचा राग मला समजतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची, हे प्रत्येक घरात माहीत हवं. रस्त्यावरचं प्रत्येक कुत्रं घरात राहण्यासारखं नसतं, हेही खरं. पण शस्त्रक्रियेनंतर कुत्री काही दिवस केंद्रात असतात, तेव्हा कोणतं शांत आहे आणि कोणतं अधू आहे ते तिथल्या कर्मचाऱ्यांना दिसतंच. अशांची यादी महानगरपालिकेने वॉर्ड ऑफिसात लावावी, दत्तकाचा अर्ज कुठे आणि कुणाकडे द्यायचा ते स्पष्ट सांगावं. आणि आपण आठवड्यातून एकदा, वधू-वरांच्या पानावर का होईना, त्यातल्या दोन-तीन कुत्र्यांचे फोटो, अंदाजे वय आणि स्वभाव छापावा. मजकूर लिहून द्यायला मी तयार आहे. ग्रंथालयात आयुष्यभर नोंदीच केल्या आहेत.

पत्रास जागा द्यावी ही विनंती.

आपली,
एक वाचक, कारेलीबाग, बडोदे