त्याचं वाक्य त्यालाच पूर्ण करू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की घरोघरी एक वाक्य ऐकू येतं, "एवढा घोडा झालास तरी कार्टून काय बघतोस". मी 34 वर्षांचा आहे, मलाही ते अजून ऐकावं लागतं, म्हणून हे पत्र. अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टूनपट, म्हणजे नुसती मारामारी आणि मोठे डोळे असं ज्यांना वाटतं त्यांना एकाच सिनेमाबद्दल सांगायचंय, कारण त्या सिनेमाने मला खरंच बदललं.

सिनेमाचं नाव 'अ सायलेंट व्हॉइस'. 2016 चा आहे, क्योतो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओचा, दिग्दर्शिका नाओको यामादा. मूळ जपानी नाव 'कोए नो काताची', म्हणजे आवाजाचा आकार. योशितोकी ओईमा यांच्या सात खंडांच्या 'मांगा'वर, म्हणजे जपानी चित्रकथेवर बेतलेला आहे. गोष्ट जपानमधल्या ओगाकी नावाच्या शहरात घडते. सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही ऐकू न येणारी मुलगी नवीन येते आणि वहीवर लिहून सगळ्यांशी बोलायला बघते. शोया इशिदा हा वर्गातला मुलगा तिच्या कानातली यंत्रं ओढून काढतो, फेकतो, वही पाण्यात टाकतो आणि वर्ग हसतो. मग प्रकरण वर जातं, इतके दिवस कानाडोळा करणारे सर सगळ्यांसमोर इशिदाचं एकट्याचं नाव घेतात आणि कालपर्यंत हसणारी तीच पोरं त्याच्यावर उलटतात. तिथून पुढे तो एकटा. हायस्कूलला जाईपर्यंत अशी अवस्था होते की त्याला कोणाचा चेहराच दिसत नाही, प्रत्येकाच्या तोंडावर एक मोठी निळी फुली दिसते.

आता माझं सांगतो. मी सातवीत असताना कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा, आम्ही सरळ तोतऱ्याच म्हणायचो त्याला. 'प' आला की अडकायचाच. हजेरीला "प्रेझेंट सर" म्हणायचं असायचं, त्याचा नंबर आला की मी मागच्या बाकावरून बोटं वर करून मोजायचो, एक दोन तीन चार, आणि सगळा वर्ग फिदीफिदी. एकदोनदा तर सर त्याची वाट न बघता पुढच्या नावावर गेले. नंतर त्याने बोलणंच बंद केलं, नुसता हात वर करायचा. मला त्यात वाईट असं काही वाटलंच नव्हतं, पोरं करतात तशी मस्करी एवढंच डोक्यात, आणि वीस वर्षं मी ते विसरूनही गेलो होतो.

सिनेमा बघताना ती वही पाण्यात पडली आणि मला माझी बोटं आठवली. त्या रात्री झोप नाही लागली.

मला सगळ्यात जास्त काय भिडलं तर इशिदा माफी मागायला हात हलवत येत नाही. बऱ्याच वर्षांनी तो शोकोला भेटायला जातो तेव्हा खुणांची भाषा शिकून गेलेला असतो, तिची तीच जुनी वही घेऊन. म्हणजे सॉरी म्हणायच्या आधी त्याने तिच्याशी बोलायची सोय केली. आणि तेवढ्याने सगळं गोडही होत नाही, जुने मित्र परत भेटतात, भांडतात, कोणी म्हणतं मी तर काहीच केलं नव्हतं, शोको स्वतःलाच दोष देत राहते. एक प्रसंग आहे, शोको खुणा सोडून तोंडाने त्याला सांगते, 'सुकी', म्हणजे तू मला आवडतोस, आणि त्याला ऐकू येतं 'त्सुकी', म्हणजे चंद्र. तो वर आकाशात बघतो. एका अक्षराने माणसाचं आयुष्य कसं अडतं हे मला तिथे कळलं, आणि असं अक्षर आमच्या वर्गातही होतं, 'प'.

त्या मुलाचा नंबर शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता पण फोन करायला मला आठ महिने लागले. मला वाटलेलं तो म्हणेल जाऊ दे रे लहान होतो आपण. तो म्हणाला, "तू बोटं मोजायचास, आठवतंय मला. अजून फोन वाजला की आधी पोटात गोळा येतो." मी सॉरी म्हणालो, तो बरं म्हणाला आणि ठेवला. पुढच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यानेच चहाला बोलावलं. त्या दिवशी मी एकच गोष्ट ठरवून गेलो होतो, त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. मदत म्हणून पुढचा शब्द आपण पटकन सांगून टाकतो ना, तेच. तो बदलीबद्दल सांगत होता आणि "पुण्याला" वर थांबला, मी त्याच्याकडे बघत गप्प बसलो, जीभ शिवशिवत होती तरी. त्याने शब्द पूर्ण केला आणि पुढे तासभर बोलत होता, चहा कधीच गार झालेला.

म्हणून विनंती आहे की आपल्या पेपरच्या मुलांच्या पुरवणीत अशा सिनेमांना जागा द्या, शिक्षकांनीही सातवी-आठवीच्या वर्गात हा सिनेमा दाखवावा. फक्त पालकांनी पोरांना एकटं बसवून लावून देऊ नये. जीव द्यायचा विचार त्यात येतो, अगदी सुरुवातीलाच, आणि मधे एक प्रसंग फार जड आहे. शेजारी बसून बघा, आणि संपल्यावर लगेच टीव्ही बंद करून जेवायला उठू नका. पोराला काहीतरी सांगायचं असू शकतं.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर